दातांनी ऐकलेली गाडी

मशीनकाकांना ऐकू येत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. काकांना ते अर्धंच मान्य होतं. "जरा कमी येतं," असं ते म्हणायचे. म्हणायचे म्हणजे ओरडायचे, कारण आपण ओरडतोय हेही त्यांना ऐकू येत नसे.

अडतीस वर्षं ते छापखान्यात मशीनमन होते. एकच मशीन, एकच कोपरा. मशीनने आधी डावा कान घेतला, मग उजवा. निवृत्त होताना काकांनी घरी दोनच गोष्टी आणल्या. कागदाच्या कातरणांची दोन पोती आणि हातभर लांबीची एक लाकडी पट्टी. कातरणांचे काकूंनी गठ्ठे शिवले आणि प्रत्येक खोलीत एकेक गठ्ठा खिळ्याला टांगला. शेजारी पेन्सिल. ज्याला काकांशी बोलायचं असेल त्याने लिहायचं. काकू स्वतः मात्र तोंड मोठं करून बोलायच्या. त्यांचे ओठ काकांना पाठ होते. "भांडण लिहीत बसलं की तोवर राग निवतो," असं काकूंचं म्हणणं. पट्टी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावून टाकली.

त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी काका तोंड पुसत बाहेर आले, तर मुलगी अंगणातल्या गाडीत बसलेली. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर, कपाळ हातांवर.

काकांनी काचेवर टकटक केली. मुलीने काच खाली घेतली, खिशातलं कातरण काढलं आणि लिहिलं, "उद्या सकाळी सात. गाडी नाही तर नोकरी नाही."

नोकरीचं काकांना ठाऊक होतं. चार वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून राबून पाय मोडून घेतल्यावर मुलीला नवीन जागा मिळाली होती. घरोघरी जाऊन रुग्णांची ड्रेसिंग बदलायची, इंजेक्शनं द्यायची, दिवसाला दहा-अकरा घरं. अट एकच, स्वतःची चालू गाडी हवी. गाडी होती. चौदा वर्षांची, विटकरी रंगाची, पण धडधाकट. आता तिला काय झालं?

मुलीने पुढे लिहिलं. तीन आठवडे स्टिअरिंग वळवलं की आवाज येतोय. काल मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, रॅक गेला. रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा आडवा दांडा. पूर्ण बदलावा लागेल, माल यायला दहा दिवस. नव्या ऑफिसातल्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, दहा दिवस थांबता येणार नाही, यादीत तुमच्याखाली सहाजणी आहेत.

"मला का नाही सांगितलंस?" काका ओरडले. समोरच्या घराची खिडकी उघडली.

मुलीने कातरण उलटं केलं. मग लिहिलं, "आवाजाचं काम आहे, बाबा."

काकांनी ते दोनदा वाचलं. कागदाची घडी केली. घडी खिशात घातली. आणि मग, काकू पुढे शेजारणींना सांगायच्या तसं, "ह्यांच्या अंगात आलं."

"आवाजाचंच ना?" काका बाह्या वर सारत म्हणाले. "अडतीस वर्षं दुसरं काय केलं मी? गाडीतून उतर. नाही, बसून राहा. नाही, उतर. आईला बोलाव!"

काकू कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. समोरच्या खिडकीतले कप्तानही आले. कप्तान आयुष्यात कधी बोटीत बसले नव्हते, ते सिटी बसचे ड्रायव्हर होते, पण टोपी तशी घालायचे. त्यांच्या मिशा ओठांवरून हनुवटीकडे निघालेल्या, त्यामुळे काकांच्या लेखी ते जन्माचे मुके. ते बोलायला लागले की काका सरळ त्यांच्या हातात कागद द्यायचे.

आता काकांनी तिघांच्या हातात तीन कागद दिले. "आवाज कसा आहे ते लिहा. एकमेकांचं बघायचं नाही!"

मुलीने स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं. तिघांनी परीक्षेला बसल्यासारखं लिहिलं.

मुलगी, "टक्. एकदाच."

काकू, "लहान कपाटाचं दार आपटल्यासारखा."

कप्तान, "माझ्या चौतीस वर्षांच्या सेवेत मी असे अनेक आवाज ऐकले असून," आणि कागद संपला.

काकांनी मुलीला प्रश्न घातले. गाडी उभी असतानाही येतो? हो. डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे? हो. आणि इंजिन बंद असताना?

मुलीने किल्लीकडे बोट दाखवलं. ती नुसती लॉक उघडण्यापुरती फिरवलेली होती. म्हणजे आत्ताच आला होता की, इंजिन बंद असताना!

काका नाचायचेच बाकी राहिले. "मग पंप नाही! पट्टा नाही! इंजिन फिरतच नाही तर ते कशाला ओरडतील? चाकाचं बेअरिंगही नाही, चाक कुठे गडगडतंय? उभ्या गाडीत, नुसतं वळवल्यावर, एकदा टक्. कुठेतरी दोन वस्तू एकमेकींना धडकतायत. बस!"

मुलीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. मिस्त्रीने एवढंही विचारलं नव्हतं.

काका गुडघ्यांवर बसले. पुढच्या चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवून म्हणाले, "फिरव." स्प्रिंग निमूटपणे वळली, उडी मारली नाही. चाकाला जोडणाऱ्या सांध्यांवर बोटं ठेवली. "फिरव." सांधे घट्ट. मग चाकावरच्या कमानीत हात घातला, तर आतलं प्लास्टिकचं अस्तर एका बाजूने सुटून लोंबत होतं. चाक वळलं की त्याला फटका बसत होता. फटका काकांच्या तळहाताला नीट जाणवला.

"सापडला!" काका एवढ्यांदा ओरडले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. ती भुंकल्याचंही त्यांना नंतर काकूंनी सांगितलं.

अस्तर त्यांनी तारेने आवळून बांधलं. पीळ दिला, टोकं आत वळवली. काकूंना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. "फिरव. अगदी शेवटपर्यंत. आता?"

काकूंनी स्टिअरिंग फिरवलं. कुत्री अजून भुंकतच होती, बाहेर उभ्या मुलीला आणि कप्तानांना दुसरं काही ऐकू येईना. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा गुडघ्यांना माती लागलेला, कपाळावर तेलाचा पट्टा, डोळे लहान पोराचे.

"गेला," काकू म्हणाल्या. तोंड मोठं करून, स्पष्ट. "गेला आवाज."

काकांनी दोन्ही हात वर केले. मुलीने बापाला मिठी मारली. कप्तानांनी सलाम ठोकला. चहा झाला. चहा पिताना काकांना एकदम वाटलं, हे सुख आपल्यालाही मिळायला हवं. सगळ्यांनी आवाज गेल्याचं ऐकलं. आपल्याला काय?

ते उठून स्वयंपाकघरात गेले. खिडकीची पट्टी काढली. खिडकी धाडकन मिटली. पट्टीच्या एका टोकाला दातांचे जुने व्रण होते. छापखान्यात मशीनचं काही बिघडलं की फिटर कान लावायचा. काका पट्टीचं एक टोक मशीनला टेकवायचे आणि दुसरं दातांत धरायचे. कान गेल्यावर सुचलेली ती युक्ती. धडधड दातांतून जबड्यात, जबड्यातून डोक्यात यायची. कोणतं बेअरिंग मरायला टेकलंय ते काका फिटरच्या आधी सांगायचे. फिटर त्यांच्या कानांपेक्षा दातांना भ्यायचा.

काकांनी बॉनेट उघडलं. पट्टीचं टोक खाली रॅकच्या अंगाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं. तोंडात पट्टी असल्याने मुलीला हातानेच खूण केली, फिरव. आणि दातांनी शांतता चाखायला डोळे मिटले.

टक्.

काकांनी डोळे उघडले. पुन्हा खूण केली.

टक्. खणखणीत. अक्कलदाढेपर्यंत.

काका वाकलेल्या स्थितीतच वळले. काकू दारात कपबश्या घेऊन उभ्या होत्या. काकांनी पट्टी तोंडातून काढली.

"तू म्हणालीस गेला."

काकूंनी कपबश्या पायरीवर ठेवल्या.

"आवाज आहे," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू बोलले असावेत, कारण कप्तानांना कान पुढे करावा लागला. "आवाज तेवढाच आहे. तुला ऐकू आला होता."

काकूंनी मान हलवली. "तुम्ही इतके खूश होता."

"आणि उद्या ती ही गाडी घेऊन गेली असती?"

"मी रात्री सांगणार होते तिला. बाजूला घेऊन. तुमच्यासमोर नको म्हणून." काकूंचे ओठ आता मोठे होत नव्हते, पण काकांना सगळं कळत होतं.

"असं आधी कितीदा केलंस?"

"कसं?"

"मी विचारलं आणि तू उगीच हो म्हणालीस."

काकूंनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "रोज," त्या म्हणाल्या. "दाराची बेल नीट वाजते का, हो. माझा आवाज फार मोठा तर होत नाही ना, नाही. परवा लग्नात तुम्ही भाषण केलंत, ते लोकांना आवडलं का, हो."

"नाही आवडलं?"

"माईक बंद करावा लागला."

कप्तानांनी टोपी काढून छातीशी धरली. मुलगी गाडीत श्वास रोखून बसली. बाबा आता आत जाऊन दार लावून घेणार, दुपारी जेवणार नाहीत, गाडीचं राहीलच. हे तिला दिसतच होतं. मागच्या वर्षी कानातलं मशीन आणलं तेव्हा दोन दिवस असंच झालं होतं.

काका पायरीवर बसले. पट्टी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"छापखान्यात पहिला कागद निघाला की आम्ही वाचायला द्यायचो," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला चूक दिसली आणि मशीनमनला वाईट वाटेल म्हणून तो गप्प बसला, तर पाच हजार कागद चुकीचे निघायचे. आमच्याकडचा वाचणारा एक नंबरचा खडूस. माझ्या तोंडावर कागद फेकायचा. त्याच्याइतकं माझं भलं कुणी केलं नाही." ते उठले. "आजपासून तू खडूस. बस गाडीत."

काकूंना आधी कळेना हसावं की रडावं. मग त्यांनी पदर खोचला. स्टिअरिंगमागे बसल्या, फिरवलं आणि काच खाली करून ओरडल्या, "आहे! ठणठणीत आहे! बहिरी माणसंसुद्धा उठून बसतील असा आहे!"

"शाबास!" काका ओरडले.

आणि मग कामाला खरी सुरुवात झाली.

काकांनी काकूंना पूर्ण फिरवायला मनाई केली. चाकं जमिनीवर, स्टिअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे, नुसतं डुलवायचं. लोखंडातून आवाज सगळीकडे पळतो, हे त्यांना माहीत होतं. रॅकला टेकवा, टक्. पुढच्या चौकटीला टेकवा, टक्. आवाज येतो की नाही हा प्रश्नच नव्हता. कुठे तो बोथट लागतो आणि कुठे धारदार, हे दातांना विचारायचं होतं.

उजव्या चाकाचा सांधा. "बोथट," काका पट्टीभोवतीच बोलले. मुलीने लिहून घेतलं. डाव्या चाकाचा सांधा. बोथट. रॅकचं डावं टोक. बोथट. उजवं टोक, जिथे स्टिअरिंगचा दांडा रॅकला येऊन मिळतो तिकडचं. काकांच्या भुवया वर गेल्या. थोडा धारदार.

"वर चाललाय," काका म्हणाले. "वर! रॅक नाही, रॅकच्या वर!"

काकूंना पाय बाहेर काढून आडवं बसायला लावलं. काका पाठीवर झोपले आणि डोकं क्लच-ब्रेकच्या पेडलांखाली घातलं. त्यांचे पाय अंगणात, एक चप्पल सुटलेली. पट्टी तोंडात. मुलीने टॉर्च धरला. टॉर्चच्या उजेडात काकांच्या नाकापासून दहा सेंटिमीटरवर स्टिअरिंगचा दांडा खाली जात होता. मध्ये एक गुडघ्यासारखा सांधा, त्याखाली आणखी एक.

वरचा सांधा. काकूंनी डुलवलं. बोथटच्या जरा पुढे.

खालचा सांधा.

काका असे दचकले की डोकं पेडलावर आपटलं. "आई गं!" पट्टी तोंडातून सुटून त्यांच्या गळ्यावर पडली. "हा! हाच! विळ्यासारखा लागतोय!"

"खरंच की मघासारखं?" काकूंनी वाकून विचारलं.

काकांनी पट्टी बाजूला सारली. अंगठा सांध्यावर ठेवला, अर्धा वरच्या तुकड्यावर, अर्धा खालच्या दांड्यावर. "डुलव." अंगठ्याखाली दोन तुकडे एकमेकांपासून केसभर सरकले आणि परत आले. सांध्याला आवळून धरणारा बोल्ट बोटांनी फिरत होता. नुसत्या बोटांनी.

काका सरकत बाहेर आले. चेहऱ्यावरचा आनंद आता जरा वेगळा होता. त्यांनी मुलीला खाली झोपवलं, तिचा अंगठा धरला आणि नेमका तिथे ठेवला. "आई, डुलव," ती म्हणाली.

मुलगी बाहेर आली तेव्हा तोंडचं पाणी पळालेलं. तिने लिहायला कागद मागितला नाही. ओठ मोठे करून म्हणाली, "हा आणखी सैल झाला असता तर..."

"तर स्टिअरिंग तुझ्या हातात आणि गाडी आपल्या मनाने," काका म्हणाले. "मिस्त्रीने रॅक बदलला असता. आवाज राहिलाच असता."

काकूंनी स्टिअरिंगवरून हात काढले, तापल्या तव्यावरून काढावेत तसे.

बोल्ट तेरा नंबरचा. काकांच्या पेटीत बाराचा पाना होता, चौदाचा होता. तेराचा नव्हता. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आणि कप्तान, जे तासभर एकटेच बोलत होते आणि ज्यांचं कुणीच ऐकत नव्हतं, धावले. बासष्टाव्या वर्षी टोपी हातात धरून धावले. परत आले ते पान्यांचा अख्खा संच घेऊन. वर कागदावर लिहून, "चौतीस वर्षांत पहिल्यांदा यांची गरज पडली."

काकांनी बोल्ट आधी पूर्ण काढला. मुलीच्या तळहातावर ठेवला. आटे शाबूत होते, गंज नव्हता. सांधा जिथे दांड्यावर बसतो तिथल्या खाचा टॉर्चने बघितल्या, मुलीला दाखवल्या. घासलेल्या नव्हत्या. "वेळेवर पकडला. अजून महिना गेला असता तर हे दात झिजले असते." चिंधीने पुसलं, बोल्ट परत घातला, आवळला. जागा एवढी अरुंद की पाना एका वेळी बोटभरच फिरायचा. काढायचा, लावायचा, बोटभर. काढायचा, लावायचा, बोटभर. काकांच्या मनगटाची साल निघाली. मुलीने ड्रेसिंग करू का म्हणून खूण केली, तर म्हणाले, "तू उद्यापासून. आज मी."

"आता?" त्यांनी खालूनच विचारलं.

काकूंनी डुलवलं. मग पूर्ण फिरवलं, डावीकडे, उजवीकडे. डोळे मिटले. गल्ली गप्प होती. कप्तानही गप्प होते.

काकू खाली वाकल्या. काकांना त्यांचे ओठ उलटे दिसत होते, तरी वाचता आले.

"आहे."

"काय?"

"टक् गेला. पण दुसरा आहे. बारीक. कुईंऽ. मघाशी तो मोठ्याखाली दबला होता."

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. काका पेडलांखाली पडल्या पडल्या खदखदून हसले. हसताना त्यांचे बाहेरचे पाय हलत होते. "आहे म्हणाली! ऐकलंत का? आहे म्हणाली!"

तो मात्र किरकोळ निघाला. दांडा ज्या भोकातून इंजिनाकडे जातो, त्या भोकाच्या रबराला तडा गेला नव्हता, नुसतं कोरडं पडलं होतं. रबराला चालणारं ग्रीस कप्तानांच्याच पेटीत होतं. बोटाने लावलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"आता?"

काकूंनी तीनदा फिरवलं. घाई केली नाही. काकांनी श्वास धरला होता. मुलीने ओठ चावला होता.

"नाही," काकू म्हणाल्या. "आता काहीच नाही."

"खरं?"

"परत विचारलंत तर आहे म्हणेन!"

तरी मुलीने खाली झोपून स्वतःचा अंगठा लावला. तुकडे हलत नव्हते. तेवढ्यावरही ती थांबली नाही. तिने मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री सुट्टीच्या दिवशी, घरातल्या चपलांवर, तोंड वाकडं करत आला. सोबत बोल्टाचा घट्टपणा मोजणारा लांब पाना. पेडलांखाली शिरला, थोडा वेळ दिसेनासा झाला. बाहेर आला तेव्हा तोंड सरळ होतं.

"काका, कसं सापडलं?" त्याने विचारलं. काकांना कळलं नाही. त्याने कागदावर लिहिलं.

काकांनी पट्टी पुढे केली. मिस्त्रीने ती घेतली, दातांचे व्रण बघितले, वास घेतला आणि परत केली. "मी पाव फेराच आवळला," तो मुलीला म्हणाला. "बाकी काम चोख आहे. बिनधास्त घेऊन जा. महिन्याने एकदा दाखवून जा, फुकट." दारापर्यंत गेला, परत आला आणि काकांसाठी मोठ्या अक्षरात लिहिलं, "चुकलो."

काकांनी तो कागद काकूंना दाखवला, कप्तानांना दाखवला, जिन्याखालच्या मांजरालाही दाखवला असता.

संध्याकाळी मुलीने गाडी मागच्या मोकळ्या मैदानावर नेली. बाप शेजारी, आई मागे. पूर्ण डावीकडे वळवून गोल, पूर्ण उजवीकडे वळवून गोल. दहावा गोल झाला तरी ती थांबेना. मोठमोठ्याने हसत होती. काकांना हसू ऐकू येत नव्हतं, पण खांदे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मुलगी औषधांची बॅग मागच्या सीटवर ठेवून निघाली. काका-काकू फाटकात उभे. गाडी अंगणातून वळली, गल्लीच्या टोकाला पुन्हा वळली आणि दिसेनाशी झाली. काकांना एवढंच कळलं. पुढचं सगळं कानांचं होतं. ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले.

काकू मान एका बाजूला कलती करून ऐकत होत्या. बराच वेळ. काकांनी विचारलं नाही.

"कोपऱ्यावर वळली," काकू शेवटी म्हणाल्या. "चौकात वळली. आवाज नाही." मग कपाळाला आठी घातली. "गिअर मात्र चुकीचा टाकला तुमच्या लेकीने. केवढ्यांदा किंचाळला!"

"खरं?" काका आनंदाने ओरडले. समोरच्या घराची खिडकी उघडली.